शेपटीचं पिस्तूल

"हे पिस्तूल आहे की टॉवेल वाळत घालायची दांडी?" डेरेकने विचारलं आणि चहाच्या खोलीतले सगळे खो-खो हसले.

एरवी मीही हसले असते. शेपटीच्या पिस्तुलाला हसायचं हा आमच्या नेमबाजी क्लबचा जुना रिवाज आहे. पण त्या दिवशी आयव्हरने विकायला आणलेली पेटी उघडली आणि हातातलं सँडविच मी तसंच बशीत ठेवलं. काळी लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि मुठीच्या मागून निघालेली ती पोलादी दांडी. दिसायला ध्यान, कबूल आहे. पण मूठ! ती आयव्हरने स्वतः बसून कोरलेली होती. अंगठ्याची खाच बघितली आणि मला कळलं, माझा हात इथे बसणार.

"हेझल, तोंड मीट, माशी जाईल," डेरेक म्हणाला.

डेरेक माझा नवरा. माणूस सोन्यासारखा आहे, पण एकदा नाही म्हणाला की नाही. शेपटीच्या पिस्तुलाला तो इतकी वर्षं नाहीच म्हणत आलाय.

त्या शेपटीचं कारण सगळ्या इंग्लंडला ठाऊक आहे, तरी सांगते. सत्त्याण्णव साली छोटी पिस्तुलं बंद झाली. आधीच्या वर्षी एका माणसाने पिस्तुलं घेऊन शाळेत शिरून चिमुकली मुलं मारली होती. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही. कायदा झाला त्याबद्दल माझं कधी भांडण नव्हतं, डेरेकचंही नव्हतं. आपापली पिस्तुलं पोलीस ठाण्यात नेऊन दिली आणि पालथं पडून रायफल मारायला शिकलो. पुढे कोणा हुशार कारागिराच्या लक्षात आलं, की नळी फूटभर असली आणि सगळं मिळून दोन फूट भरलं, तर कायद्याला चालतं. मग नळी लांबवली. तरी लांबी कमी पडली, म्हणून मागे दांडी लावली. झालं शेपटीचं पिस्तूल!

"हात लाव की," आयव्हर म्हणाला.

आयव्हर प्राइस चौऱ्याऐंशीचा. मला नेमबाजी त्याने शिकवली, तेव्हा मी नुकती बस चालवायला लागले होते आणि डेरेक माझ्या बसमधून रोज उगाचच शेवटच्या थांब्यापर्यंत यायचा. क्लबात सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात, पण आयव्हरला मी अजून 'तुम्ही'च म्हणते.

मी मूठ धरली. बाई गं! लग्नातला बूट इतक्या वर्षांनी पायात घालावा आणि तो बसावा, तसं झालं.

"विकताय कशाला पण?" मी विचारलं.

"माशी दिसेना झालीय," तो म्हणाला. नळीच्या टोकाला नेम धरायचा जो बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. "लक्ष्य दिसतं. माशी नाही दिसत. उलट असतं तर चालवून घेतलं असतं. रविवारी हॅलिफॅक्सचा एक माणूस बघायला येतोय. पण त्याच्याआधी तुझा मान. शनिवारी मारून बघ, मग सांग."

"ती काय सांगणार?" डेरेक म्हणाला. "घरात कपडे वाळत घालायला जागा आहे आमच्याकडे."

परत हशा. तेवढ्यात पॉलीनने हाक मारली, "हेझल, चहाच्या बंबातलं पाणी उकळलं बघ!"

आणि सगळं दुखणं त्या बंबातच आहे.

गेल्या वर्षी मी पडदे काढायला शिडीवर चढले आणि पडद्यासकट खाली आले. डाव्या खांद्यात आता धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत, आणि पावसाची बातमी टीव्हीच्या आधी मला कळते. रायफल मारायची तर पालथं पडून सगळा भार डाव्या कोपरावर घ्यावा लागतो. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तर गुरासारखी ओरडले. मग पॉलीन आली. पॉलीन आमची रेंजप्रमुख, गोळी कधी सुटायची ते तीच ठरवते. ती 'थांबा' म्हणाली की आमचा क्लब भरतो त्या जुन्या गिरणीच्या तळघरातले उंदीरसुद्धा थांबतात. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "तू आता चहाचं बघशील का गं? तू असलीस की सगळ्यांना बरं वाटतं."

लोकांना बरं वाटावं म्हणून मी जन्माला आलेय का? जिल्ह्याच्या संघातून पिस्तूल मारलेली बाई मी! पण त्या दिवशी मुकाट्याने ॲप्रन बांधला. तेव्हापासून दर गुरुवारी आणि शनिवारी भिंतीपलीकडे टप् टप् गोळ्या सुटतात आणि मी इकडे दूध किती, साखर किती विचारत उभी असते. त्या बंबाचा मला इतका राग आहे, की एखाद्या दिवशी त्यालाच लक्ष्य करीन.

आता पिस्तूल कसं मारतात बघा. उभं राहायचं. एका हाताने मारायचं. आणि दुसरा हात? दुसरा हात खिशात! नियमच तसा. डाव्या हाताने नुसतं खिशात पडून राहायचं असा जगात एकच खेळ आहे आणि तो मला येतो. हे डोक्यात आलं त्या रात्री मी डेरेकला गदागदा हलवून उठवलं होतं. तो म्हणाला, "झोप."

मी झोपले नाही. परवान्यावर शेपटीच्या पिस्तुलासाठीही मंजुरी मागितली. पोलिसांकडची बाई घरी आली, बंदुकीचं कपाट बघितलं, कुलूप ओढून बघितलं आणि कशासाठी हवं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "चहा करून कंटाळले." तिने लिहून घेतलं, नेमबाजीसाठी. डेरेक तेव्हा बागेत लीकच्या, म्हणजे जाड्या कांदापातीच्या, वाफ्यात वाकून बसला होता. ती बाई जाईपर्यंत उठला नाही.

म्हणजे परवानगी होती, पैसे माझे होते, कपाट होतं. मग अडलं कुठे, असं कोणीही विचारील. मला नवऱ्याची परवानगी नकोच होती. मला तो शेजारी हवा होता. इतकी वर्षं एका गाडीतून गेलो, शेजारी-शेजारी पडून मारलं, येताना एकाच कागदातले मासे-चिप्स खाल्ले. मी पिस्तूल घेतलं असतं आणि हा तोंड फिरवून बसला असता, तर कोणाला दाखवायला मारायचं मी?

त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, सुटलेच.

"तुला भीती वाटते," मी म्हटलं. "रायफलमध्ये माझ्या पुढे असतोस ना, म्हणून. पिस्तुलात एकदा तरी मला हरवलंयस?"

"नाही."

"मग कबूल कर की. मिशीला पीळ देत फिरतोस आणि बायकोने परत हातात पिस्तूल घेतलं तर फजिती होईल म्हणून टॉवेलच्या दांडीचे विनोद करतोस!"

"मला मिशी नाही, हेझल."

"विषय बदलू नकोस!"

त्याने गाडी बाजूला घेतली. मेंढ्यांच्या फाटकाजवळ थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. डेरेक असा गाडी थांबवत नाही.

"सत्त्याण्णवला तू गाडीतून उतरली नाहीस," तो म्हणाला.

खरं होतं ते. ठाण्यासमोर गाडी लावली आणि माझे पायच हलेनात. माझी पेटी, त्याची पेटी, दोन्ही घेऊन तोच आत गेला होता.

"खिडकीशी रांग होती," डेरेक म्हणाला. "सगळे आपल्यासारखेच. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. त्या पोरसवद्या हवालदाराने तुझी पेटी उघडली आणि म्हणाला, 'कुणीतरी जिवापाड जपलेलं दिसतंय.' आणि बाकीच्या पिस्तुलांच्या ढिगात ठेवून दिलं. मी बाहेर आलो तर तू रडून रडून लाल झालेलीस. मला म्हणालीस, डोळ्यांत कचरा गेलाय."

"गेला असेल."

"तीन महिने गेला होता कचरा? उद्या हीसुद्धा बंद केली तर? मी परत तुझी पेटी घेऊन त्या खिडकीशी नाही उभा राहणार. सांगून ठेवतो. जे हातातून काढून घेतील ते हातात घ्यायचंच कशाला?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, हा हटवादी आहे. हटवादी तर आहेच. पण त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं वाटलं आणि त्याच वेळी त्याला खिडकीतून बाहेर फेकावं असंही वाटलं.

"मग मी काय करू, डेरेक?" मी म्हटलं. "मरेपर्यंत साखर किती विचारू?"

त्याने गाडी सुरू केली. घर येईपर्यंत मेंढ्या मोजत असल्यासारखा बघत होता. दारात किल्ली लावताना म्हणाला, "शनिवारी दहा गोळ्या. तू आयव्हरच्याने मार, मी क्लबच्याने."

क्लबच्या कपाटात एक जुनं शेपटीचं पिस्तूल आहे, नव्या सभासदांना शिकवायला. डेरेकने त्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"तू? शेपटीवालं धरणार तू?"

"तू जिंकलीस तर घेऊन टाक, मी जन्मात विनोद करणार नाही. मी जिंकलो तर हॅलिफॅक्सवाल्याला जाऊ दे. विषय बंद."

"कबूल!" मी ओरडले. शेजारच्या कुत्र्याने भुंकून साक्ष दिली.

शुक्रवारी मी काही काम केलं म्हणाल तर नाही. केलेला पार्किन, आमचा आल्याचा केक, करपवला. स्वयंपाकघरात उभी राहून उजव्या हातात इस्त्री धरायची, हात लांब करायचा आणि समोरच्या घड्याळाच्या बारावर नेम धरायचा. हात थरथरायचा, मग थोडा कमी, मग इस्त्री दगडासारखी उभी! डेरेक चहा प्यायला आला, बघितलं आणि पाय न वाजवता परत लीकमध्ये गेला. आणि थोड्या वेळाने मी वरच्या खिडकीतून बघते, तर हा पठ्ठ्या वाफ्यात उभा. एक हात खिशात, दुसऱ्या हातात पाण्याची झारी सरळ लांब धरलेली! मी तोंडावर उशी धरून हसले.

शनिवारी क्लबात बातमी आधीच पोचली होती. पॉलीन म्हणते कोणाला सांगितलं नाही, म्हणजे सगळ्यांना सांगितलं. एरवी दुपारी तळघरात दहा-बारा डोकी असतात, त्या दिवशी भिंतीला टेकायला जागा नव्हती. बंबावर कोणीच नव्हतं. स्वर्गसुख!

"तू तीनवर उभा राहणार?" मी डेरेकला विचारलं. तीन नंबरची जागा माझी. रायफलच्या दिवसांत माझी चटई कायम तीनवर, त्याची चारवर.

"नाणं टाकलं, मला तीन आला. तक्रार राणीकडे कर."

"राणी गेली."

"मग राजाकडे कर."

मी चारवर उभी राहिले. आयव्हर माझ्या मागे स्टूल घेऊन बसला आणि हळूच म्हणाला, "नळी जड आहे. तुझ्या जुन्यासारखं खालून वर आणू नकोस. वरून खाली आण, अलगद. आणि शेपटी हाताला टेकली की समज, मनगट पडलं. ती दांडी कायद्याने लावलीय, पण गुरुजींचं काम करते."

पॉलीनचा आवाज आला, "पाच गोळ्या भरा!"

भरल्या. डावा हात खिशात घातला. अगं बाई, काय सांगू! तो खांदा, वर्षभर माझ्या जिवाला घोर लावणारा तो खांदा खिशाशी निवांत पडला. आणि उजवा हात वर गेला, खाली आला. काळं वर्तुळ, त्याच्या खाली माशी, आणि माशी डुगडुगतेय, डुगडुगतेय, थांबली. घोडा ओढला कधी ते कळलंच नाही. टप्.

मला हसू फुटलं. मोठ्याने! पॉलीन म्हणाली, "चारवर शांतता!"

दुसरी. तिसरीला शेपटी हाताला टेकली, मनगट सावरलं. चौथी. पाचवी. हात जड झाला होता, पण तो जडपणासुद्धा ओळखीचा, इतक्या वर्षांनी घरी आलेल्या पाहुण्यासारखा. काडतुसांचा वास नाकात भरला होता आणि मी सत्तरीकडे झुकलेली बाई नव्हतेच. बसचा युनिफॉर्म घातलेली, केस मोकळे सोडलेली ती पोरगी होते, जिच्या मागे डेरेक नावाचा काटकुळा पोरगा शेवटच्या थांब्यापर्यंत यायचा.

"थांबा! रिकामं करा. दुसऱ्या पाच भरा."

मी भरत असताना डेरेक माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अजून उभी आहेस? मला वाटलं शेपटीत पाय अडकून पडली असशील."

"विनोद बंद करायचे ठरलेत."

"तू जिंकलीस तर!"

मी परत हसले. हसतच हात वर नेला, श्वास घेतला, सोडला, आणि सगळं जग गेलं. लोक गेले, खांदा गेला, बंब गेला. नजर आपसूक जागेवर जाऊन बसली. माशी हलेचना! मी एक एक गोळी सोडत होते आणि प्रत्येकीला आतून कळत होतं, ही मधोमध बसली. हीसुद्धा बसली. शेवटची सुटली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"थांबा! रिकामं करा. ठेवा." पॉलीनने दोन्ही पिस्तुलं रिकामी असल्याचं बघितलं. "चला पुढे."

इतक्या अंतरावरून काळ्यातली भोकं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळे लग्नाच्या वरातीसारखे चालत निघालो. मी जवळजवळ पळत होते. लक्ष्याच्या माझ्या कार्डापाशी पोचले आणि भोकं मोजायला लागले.

पाच भोकं. माझ्या कार्डावर फक्त पाच. बरी होती, थोडी डावीकडे गेलेली. पण बाकीची?

"दुसऱ्या पाच गेल्या कुठे?" मी म्हटलं. "भिंतीत?"

सगळे तीन नंबरकडे बघत होते. डेरेकच्या कार्डावर पंधरा भोकं होती.

असली चूक नवशिके करतात. किंवा मग माझ्यासारखे, वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिलेले. माझ्या डोळ्याने उभ्या जन्मात तीन नंबर सोडून काही बघितलेलं नाही. पहिल्या पाचांना मी जपून होते. दुसऱ्या पाचांना जग विसरले आणि डोळा आपल्या घरी गेला, तीनवर. पाचही गोळ्या मी नवऱ्याच्या कार्डावर मारल्या होत्या.

पॉलीनने घसा खाकरला. पॉलीन कडक आहे, पण तिलाही जड जात होतं. "हेझल, नियम तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या कार्डावर गेलेल्या गोळ्या शून्य."

"ठाऊक आहे."

"आणि डेरेकच्या कार्डावर त्याची कुठली आणि तुझी कुठली, सांगता येणार नाही. दोन्ही गोळ्या एकाच मापाच्या. अशा वेळी कार्डाच्या मालकाला सर्वांत चांगली दहा मिळतात."

"म्हणजे मी हरले," मी म्हटलं. आवाज नीट निघाला याचा मला अभिमान आहे. मागे वळून आयव्हरला सांगितलं, "उद्या हॅलिफॅक्सवाल्याला देऊन टाका. तुमचे उपकार झाले. मजा आली."

मजा आली! ती तर इतकी आली होती की आता छाती फुटेल असं वाटत होतं. मी ॲप्रन कुठे टांगलाय ते आठवायला लागले.

"थांब जरा," डेरेक म्हणाला.

तो आपल्या कार्डासमोर वाकून उभा होता, नाक कागदाला लागेल इतका जवळ. त्याची दहा भोकं कुठली ते आंधळ्यालाही सांगता आलं असतं. एक वरच्या कोपऱ्यात, दोन खाली, बाकीची जागा मिळेल तशी. आणि मधोमध पाच. नुसती मधोमध नाही, एकात एक गुंतलेली. वर एक पेनीचं नाणं ठेवलं असतं तर सगळी झाकली असती.

"पॉलीन," तो म्हणाला, "ही मधली पाच माझी?"

"नियमाने तुझी."

"म्हणजे मी जिंकलो."

"जिंकलास."

"सगळ्यांनी ऐकलं ना? पिस्तुलात मी हेझलला हरवलं." तो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आता ही पाच मी मारली असं म्हटलं, तर क्लबातला एक तरी माणूस विश्वास ठेवील?"

"नाही!" भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळे एकसुरात म्हणाले. आयव्हरचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

डेरेकने कार्ड काढलं, माझ्यासमोर धरलं आणि त्या पाच भोकांच्या गुंत्यावर बोट ठेवलं. "हे कोण करतं, हेझल? इतक्या वर्षांत काही विसरला नाही तुझा हात. तू मला सांगायचंस ना."

"सांगत होते की! तू झोप म्हणालास."

लोक हसले. तो नाही हसला. तो माझ्या जवळ आला आणि हळू बोलला, पण तळघरात हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं.

"घे तू," तो म्हणाला. "आणि उद्या बंद झालं, तर पेटी मी नेईन. खिडकीशी मी उभा राहीन. तू गाडीत बस."

मी त्याचा तो खरखरीत, लीकच्या मातीचा हात धरला आणि म्हटलं, "नाही. या वेळी मी पण उतरेन."

आयव्हरने स्टूलवर हात आपटला. "झालं! हॅलिफॅक्सवाल्याला मी कळवतो. आणि हेझल, मूठ थोडी तासून देईन, तुझं करंगळीचं बोट बाहेर राहतंय."

"तुम्हाला दिसलं?"

"माशी दिसत नाही म्हटलं मी. बोटं दिसतात."

पॉलीनने टाळी वाजवली. "चला, पुढची फेरी! कोण उभं राहतंय? आणि चहाचं..." ती माझ्याकडे बघून थांबली.

डेरेक तोवर दारापाशी पोचला होता. खुंटीवरचा माझा ॲप्रन त्याने काढला, डोक्यातून घातला आणि मागची गाठ त्याला बांधता येईना, म्हणून तशीच लोंबू दिली. आम्हाला तिकडून बंबाचं झाकण आपटल्याचा आवाज आला, मग कप खडखडल्याचा, मग एक शिवी.

"हेझल!" तो आतून ओरडला. "साखर किती?"

"इतकी वर्षं संसार केलास आणि साखर किती विचारतोस?" मी ओरडून म्हटलं, आणि चार नंबरवर जाऊन नवं कार्ड टांगायला लागले.